काम परदेशी जाते, माणूस मागे उरतो : उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, कार्यकारिणी आणि सर्व सभासद,
उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळे.

विषय : परदेशी पाठवल्या जाणाऱ्या कामामुळे येथे नोकरी गमावणाऱ्यांच्या बाजूने मंडळांनी उभे राहण्याविषयी.

स. न. वि. वि.

मी १९९७ साली मुंबईहून न्यू जर्सीत आले. वायटूकेच्या, म्हणजे २००० साल उजाडताना संगणकांतल्या तारखा चुकू नयेत यासाठीच्या कामाला कोबोल ही जुनी संगणकभाषा जाणणारी माणसे हवी होती आणि मला कोबोल येत होते, एवढ्या एका गोष्टीवर माझे पुढचे सारे आयुष्य या किनाऱ्याला लागले. तेव्हापासून मी मंडळाची सभासद आहे. गणपतीच्या आरतीपासून मराठी शाळेच्या खडूफळ्यापर्यंत पडेल ते काम मी केले आहे, आणि या सगळ्या वर्षांत आपल्या व्यासपीठावर एक विषय कधीही निघालेला मी ऐकला नाही. ज्या व्यवहाराने आपल्यापैकी बहुतेकांना येथे आणले, ज्याच्यावर आपली घरे उभी राहिली आणि ज्याने आपल्यातल्याच कित्येकांच्या हातचे काम काढून घेतले, त्या आउटसोर्सिंगविषयी आपण सभागृहाबाहेरच्या मार्गिकेत चहाचे कप हातात घेऊन खूप बोलतो. 'आमचं सत्तर-तीस चाललंय', म्हणजे सत्तर टक्के काम तिकडे आणि तीस टक्के इकडे, असे सहज सांगतो. पण आत जाऊन बसलो की गप्प होतो. हे मौन सोडावे, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

माझ्याबाबतीत काय घडले ते आधी सांगते. २०१६ च्या ऑक्टोबरात, ज्या विमा कंपनीत मी १५ वर्षे काम करत होते, तिने आमच्या विभागाचे काम पुण्याला पाठवायचे ठरवले. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण तिच्याविषयी जाहीरपणे वावगे बोलणार नाही अशा कागदावर सही केल्याखेरीज सेव्हरन्सचे, म्हणजे नोकरीवरून काढताना कंपनी देते ते, पैसे मिळणार नव्हते आणि मी ती सही केली. आम्ही ४१ जण होतो. हा आकडा वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावा, त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे. दुसरी अट अशी होती की शेवटचे १२ आठवडे आम्ही नव्या चमूला केटी द्यायची, म्हणजे आमच्या जागी येणाऱ्यांना आमचे काम शिकवायचे.

ज्यांनी हे केले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहिते. पहिले चार आठवडे आपण समजावून सांगायचे आणि त्यांनी टिपून घ्यायचे. पुढचे चार आठवडे 'शॅडो', म्हणजे आपण काम करायचे आणि त्यांनी पाहायचे. शेवटचे चार 'रिव्हर्स शॅडो', म्हणजे त्यांनी करायचे आणि आपण पाहायचे. दर शुक्रवारी एक तक्ता भरला जाई आणि प्रत्येक विषयापुढे लाल, पिवळा किंवा हिरवा रंग लागे. सगळे रकाने हिरवे झाले की आपले काम संपले. माझ्याकडे विम्याच्या हप्त्यांची रात्रीची बॅच, म्हणजे रात्री ओळीने आपोआप चालणारे प्रोग्रॅम, होती. तिच्यातला एक प्रोग्रॅम महिनाअखेरीस कधीकधी एसओसी-सेव्हन ही चूक दाखवून बंद पडे, कारण एका जुन्या एजन्सीकडून येणाऱ्या फाइलमध्ये एका ठिकाणी शून्याऐवजी कोरी जागा असे. अकरा वर्षे मी रात्री दोन वाजता उठून ती ओळ दुरुस्त करत आले होते. पुण्याच्या मुलाने विचारले, "मॅडम, हे डॉक्युमेंटमध्ये कुठं आहे?" ते कोठेच नव्हते. त्या दिवशी मी ते लिहून दिले आणि शुक्रवारी तो रकाना हिरवा झाला.

तो मुलगा सातारा जिल्ह्यातला होता. तिसऱ्या आठवड्यात माझ्या तोंडून 'अगं बाई' निघून गेले तेव्हा त्याने दचकून "मॅडम, तुम्ही मराठी?" असे विचारले आणि त्यानंतर तांत्रिक बोलणे संपले की आम्ही दोन मिनिटे मराठीत बोलत असू. माझे सकाळचे साडेसात म्हणजे त्याचे संध्याकाळचे सहा. माझ्याशी बोलण्यासाठी तो हिंजवडीहून सुटणारी सहाची बस रोज सोडत असे आणि मग त्याला घरी पोहोचायला साडेनऊ वाजत. घरात पगारदार असा तो पहिलाच होता आणि वडिलांच्या डोक्यावरचे कर्ज त्याच्या पगारातून फिटत होते. शेवटच्या दिवशी त्याने "मॅडम, तुमचं पुढं काय?" असे विचारले. मी "बघू" म्हणाले. त्या मुलाविषयी माझ्या मनात तेव्हा राग नव्हता आणि आजही नाही. या पत्रातल्या एकाही वाक्याचा अर्थ त्याच्या नोकरीवर बोट ठेवणे असा कोणी लावू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी सहकारी ६१ वर्षांची होती आणि तिला त्या कंपनीत २७ वर्षे झाली होती. ती पेनसिल्व्हेनियातून रोज गाडी चालवत येई. तिचे वडील तेथल्या एका पोलाद कारखान्यात होते, आणि तो बंद पडला तेव्हा घरात काय काय बदलले हे ती मला जेवणाच्या सुट्टीत सांगत असे. मीही तिला माझ्या वडिलांचे सांगत असे. नोकरी गेल्यावर कोब्रा नावाच्या कायद्याखाली कंपनीचा आरोग्यविमा १८ महिने ठेवता येतो, पण कंपनी भरत असलेला वाटाही आपणच भरायचा आणि वर दोन टक्के जास्त द्यायचे. तिच्या नवऱ्याचे मधुमेहाचे उपचार चालू असल्याने तिला तो सोडता येत नव्हता. तिने दातांची कामे पुढे ढकलली, मग छपराची दुरुस्ती पुढे ढकलली आणि शेवटी औषधांच्या एका दुकानात काउंटरवर नोकरी धरली. राहणीमान घसरणे या शब्दांचा अर्थ मला तिच्याकडे पाहून कळला. त्यात एकाएकी कोसळण्यासारखे काही नसते. दर महिन्याला एक गोष्ट यादीतून खाली सरकते आणि वर्षभराने मागे वळून पाहावे तर आपण निराळ्याच घरात राहत असतो.

अर्थशास्त्र या विषयावर काय म्हणते तेही पाहू, कारण आपल्यात शिकलेली माणसे पुष्कळ आहेत आणि 'शेवटी सगळ्यांचाच फायदा होतो' हे वाक्य मी त्यांच्याच तोंडून सर्वांत जास्त ऐकले आहे. फेब्रुवारी २००४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या आर्थिक सल्लागार मंडळाचे अध्यक्ष ग्रेगरी मॅन्क्यू यांनी, सेवा परदेशातून घेणे हा आंतरराष्ट्रीय व्यापाराचाच एक नवा प्रकार असून दीर्घकाळात तो अर्थव्यवस्थेच्या हिताचाच ठरेल, अशा अर्थाचे विधान केले आणि त्यांच्या स्वतःच्या पक्षातूनही त्यांच्यावर टीका झाली. देशाच्या एकूण बेरजेपुरते त्यांचे म्हणणे खोटे होते असे मी म्हणणार नाही. परंतु बेरीज देशाची होते आणि वजाबाकी एकेका घराची होते. २००० साली अमेरिकेच्या कारखानदारीत सुमारे १ कोटी ७३ लाख माणसे कामाला होती. २०१० च्या सुरुवातीला ती १ कोटी १५ लाखांच्या आसपास उरली. या घसरणीला यंत्रे आणि मंदी ही कारणे होतीच, पण अर्थतज्ज्ञ डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात १९९९ ते २०११ या काळात चीनकडून वाढलेल्या आयातीमुळे २० ते २४ लाख नोकऱ्या गेल्याचा अंदाज निघाला. त्या अभ्यासांतून आणखी एक गोष्ट दिसली, जी पाठ्यपुस्तकांनी गृहीत धरली नव्हती. काम गेलेली माणसे उठून दुसऱ्या गावी नव्या कामावर गेली नाहीत. ज्या जिल्ह्यांत घाव बसला तेथे दहा वर्षांनंतरही पगार खालीच राहिले आणि अपंगत्वाच्या सरकारी मदतीवर जगणाऱ्यांची संख्या वाढली.

कारखान्यांचे पाहून कचेरीत बसणाऱ्यांनी स्वतःला सुरक्षित समजू नये, हे प्रिन्स्टन विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ ॲलन ब्लाइंडर यांनी २००६ सालीच सांगितले होते. हे गृहस्थ फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे माजी उपाध्यक्ष आणि खुल्या व्यापाराचे पुरस्कर्ते. काम किती शिक्षणाचे आहे याला महत्त्व नाही, ते तारेवरून पाठवता येते की नाही एवढेच महत्त्वाचे आहे, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता, आणि या कसोटीवर ३ ते ४ कोटी अमेरिकी नोकऱ्या बाहेर जाण्याजोग्या आहेत असा त्यांचा अंदाज होता. सगळ्या जातीलच असे त्यांनी म्हटले नव्हते. परंतु नळदुरुस्ती करणाऱ्याचे काम टिकेल आणि क्ष-किरणांचे चित्र वाचणाऱ्याचे जाऊ शकेल, ही गोष्ट मुलांना इंजिनीअर करण्यासाठी जिवाचे रान करणाऱ्या आपल्या समाजाने त्याच वेळी गांभीर्याने घ्यायला हवी होती. 'नवीन शिकून घ्या' हा सल्ला मलाही खूप जणांनी दिला. मी शिकले. क्लाउडचे प्रमाणपत्र वयाच्या पन्नाशीनंतर मिळवले आणि चौदा महिन्यांनी मला कंत्राटी काम मिळाले, ज्यात तासाचा दर बरा होता पण विमा नव्हता, रजा नव्हती आणि निवृत्तीनिधीत कंपनीचा वाटा नव्हता. जेकबसन, लालाँड आणि सलिव्हन या तिघा अर्थतज्ज्ञांनी १९९३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या अशाच जुन्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. अडचणीतल्या कंपनीतून बाहेर पडावे लागलेल्या अनुभवी माणसांची कमाई पाच-सहा वर्षांनंतरही, नोकरी टिकली असती तर मिळाली असती त्यापेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी होती. ते वाचताना मी माझे जुने कर-विवरणपत्र काढून शेजारी ठेवले होते.

आता त्या ४१ च्या आकड्याविषयी. अमेरिकेत १९८८ पासून वॉर्न नावाचा कायदा आहे. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कंपनीने मोठी कपात करायची असेल तर ६० दिवस आधी सूचना दिली पाहिजे, असे तो सांगतो. पण एका ठिकाणची ५० हून कमी माणसे काढली तर तो लागू होत नाही. शिवाय केंद्रीय कामगार खाते तो राबवत नाही. दाद मागायची तर कामगाराने स्वतः न्यायालयात जायचे. आम्ही ४१ जण का होतो, हे मला कोणी सांगितले नाही आणि मी त्यावर अंदाज बांधणार नाही. मात्र कायद्यातली ही पळवाट उघडी आहे आणि ज्यांना हिशेब मांडता येतो त्यांना ती दिसते. न्यू जर्सीने आपल्या राज्यापुरती तिच्यावर पुष्कळशी कडी घातली. १० एप्रिल २०२३ पासून येथे ९० दिवसांची सूचना द्यावी लागते, राज्यभरात मिळून ५० माणसे मोजली जातात आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे एक आठवड्याचा पगार देणे बंधनकारक आहे. माझ्या वेळी हा कायदा असता आणि राज्यात इतरत्र काढलेली धरून पन्नास माणसे भरली असती, तर सेव्हरन्सची ती रक्कम कंपनीची मेहेरबानी न राहता माझा हक्क ठरण्याची शक्यता होती.

आम्हाला त्या काळात खरे सावरले ते दुसऱ्याच एका योजनेने, आणि तिच्याविषयी मला मंडळांशी सर्वांत जास्त बोलायचे आहे. १९६२ साली केनेडी यांच्या कारकिर्दीत व्यापार खुला करणारा कायदा झाला, त्याच कायद्यात ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स ही तरतूद होती. खुल्या व्यापाराचा लाभ साऱ्या देशाला मिळणार असेल, तर त्यात ज्यांच्या पोटावर पाय येतो त्यांना सरकारने उभे करावे, असा त्यामागचा साधा विचार होता. सॉफ्टवेअरच्या माणसांना तिचे दार पुष्कळ वर्षे बंद होते. प्रोग्रॅम ही 'वस्तू' नाही, असे म्हणून कामगार खाते त्यांचे अर्ज फेटाळत असे. आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने ती प्रकरणे वारंवार परत पाठवल्यानंतर २००६ मध्ये खात्याने भूमिका बदलली आणि २००९ च्या कायद्याने सेवाक्षेत्रातल्या कामगारांनाही योजनेत घेतले. एका कंपनीतल्या कोणत्याही तीन कामगारांना अर्ज करता येत असे. आमच्या वेळी तो अर्ज मी, माझी शेजारची सहकारी आणि एक व्हिएतनामी गृहस्थ अशा तिघांनी मिळून केला. काम पुण्याला गेल्याचा पुरावा म्हणून केटीचा तोच रंगीत तक्ता जोडला होता. मंजुरी यायला काही महिने लागले, पण ती आली.

त्यातून मला प्रशिक्षणाचे पैसे मिळाले आणि बेकारी भत्त्याचे २६ आठवडे संपल्यावर, प्रशिक्षण चालू असेपर्यंत, घरखर्चाला आधार मिळाला. माझ्या सहकारीला विम्याच्या हप्त्याच्या ७२.५ टक्के करसवलत मिळाली. पन्नाशी उलटलेल्या माणसाने कमी पगाराची नोकरी धरली तर जुन्या आणि नव्या पगारातल्या फरकाचा निम्मा भाग, दोन वर्षांत मिळून १० हजार डॉलरपर्यंत, देण्याची सोय होती. ती तिला मिळाली आणि तिच्या छपराची दुरुस्ती त्या पैशांत झाली. फार मोठ्या रकमा नव्हत्या या. पण ज्या राज्यात घरपट्टीच वर्षाला सरासरी १० हजार डॉलरच्या घरात जाते, तेथे घर राहणे आणि घर विकणे यांच्यामध्ये तेवढेच अंतर असते.

ती योजना आज नाही. काँग्रेसने मुदतवाढ न दिल्यामुळे १ जुलै २०२२ पासून कामगार खाते नवे अर्ज मंजूर करू शकत नाही. विम्याची ती करसवलत त्याआधीच, २०२१ च्या अखेरीस संपली होती. साठ वर्षे चाललेली योजना बंद पडली आणि आपल्या एकाही मंडळात त्यावर चर्चा झालेली माझ्या कानी आली नाही. मागच्या दिवाळीत आमच्या मंडळातल्या एका सभासदांनी मला बाजूला घेऊन विचारले की तुम्ही तेव्हा काय केले होते. त्यांचे काम हैदराबादला गेले होते. मी त्यांना त्या योजनेचे नाव सांगितले आणि त्याच वाक्यात ती आता नाही हेही सांगावे लागले. ते गृहस्थ अजून एच-१बी वर, म्हणजे नोकरीशी बांधलेल्या तात्पुरत्या व्हिसावर, होते. २०१७ च्या नियमाप्रमाणे अशा माणसाला नोकरी गेल्यावर दुसरी शोधायला ६० दिवस मिळतात. त्यांची मुलगी आपल्या मराठी शाळेत चौथीत होती. आता ती तेथे नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये या विषयावर दोन गोष्टी घडल्या आणि दोन्हींवर आपल्याकडे नुसती घबराट पसरली. ओहायोचे सिनेटर बर्नी मोरेनो यांनी परदेशी पाठवलेल्या कामाच्या मोबदल्यावर २५ टक्के कर लावण्याचे विधेयक मांडले, आणि त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी नव्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलर शुल्काची घोषणा केली. दुसऱ्या गोष्टीविषयी माझे मत स्पष्ट आहे. माणूस येथे आणणे महाग केले आणि काम तिकडे पाठवणे स्वस्त ठेवले, तर काम तिकडेच जाईल. येथे आलेला माणूस निदान येथे भाडे देतो, कर भरतो, दुकानात खरेदी करतो, काम तारेवरून गेले की तेही जाते. पहिले विधेयक मात्र 'भारतविरोधी' म्हणून झटकून टाकण्याआधी वाचावे. त्यात करातून येणारा पैसा येथल्या कामगारांच्या प्रशिक्षणासाठी वेगळा ठेवण्याची कल्पना आहे. २५ टक्के हा दर मला अवाजवी वाटतो, पण ज्या व्यवहारातून बचत होते त्याच बचतीचा एक भाग काम गमावणाऱ्याकडे वळवावा, हे तत्त्व मला न्याय्य वाटते.

असे प्रयत्न याआधीही झाले आहेत आणि त्यातून शिकण्यासारखे आहे. २००३ साली इंडियाना राज्याने आपली बेकारी भत्त्याची संगणकयंत्रणा सुधारण्याचे सुमारे दीड कोटी डॉलरचे कंत्राट टाटांच्या अमेरिकेतील कंपनीला दिले होते. बेकारांच्या अर्जांचे काम परदेशी कंपनीकडे गेले म्हणून एवढा गहजब झाला की गव्हर्नर जो कर्नन यांनी ते रद्द केले. आमच्या न्यू जर्सीत तर सरकारी अन्नमदतीवर असलेल्या गरिबांनी चौकशीसाठी फोन केला की तो मुंबईत उचलला जात असे. हे २००२ मध्ये उघडकीस आल्यावर राज्याच्या सिनेटर शर्ली टर्नर यांनी विधेयक आणले, ते कॉल सेंटर कॅम्डेनला परत आले आणि २००५ मध्ये राज्याच्या सेवाकंत्राटांचे काम देशातच झाले पाहिजे असा कायदा झाला. कॅम्डेन हे या राज्यातले अतिशय गरीब शहर. परत आलेल्या नोकऱ्या थोड्याच होत्या, राज्याला त्यासाठी जादा पैसेही मोजावे लागले, पण सरकारी पैशाने होणारे काम सरकारला कर देणाऱ्यांच्या हाती राहावे हे त्या वेळी ठरले. त्या वर्षी मी स्वतः या कायद्याच्या विरुद्ध बोलत होते. मला वाटे, हे आपल्या माणसांच्या विरुद्ध आहे. आपली माणसे कोण, याचा विचार मी तेव्हा पुरता केलेला नव्हता.

तो विचार करताना मला माझ्या वडिलांकडे जावे लागते. ते लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि मालकांनी कापड विणण्याचे काम भिवंडीच्या यंत्रमागांवर देऊन वर गिरणीचाच शिक्का मारला. काम संपले नव्हते, ते फक्त दुसरीकडे, कमी मजुरीवर, बिनसंघटित हातांकडे गेले होते. भिवंडीचा यंत्रमागवाला बारा तास राबत होता आणि तोही गरीबच होता, हे वडील नेहमी सांगत. ते त्याला कधी दोष देत नसत. पण त्यांनी पुढची वीस वर्षे एका सोसायटीच्या फाटकावर पहारा केला आणि माझ्या आईने खानावळीचे डबे केले. आपल्यापैकी कितीतरी जण परळ, लालबाग, शिवडीच्या चाळींतून निघालेल्या घरांतले आहेत. काम दुसरीकडे गेल्यावर घराचे काय होते, हे आपल्याला पुस्तकातून शिकण्याची गरज नाही.

आणि ज्यांना वाटते की हा फक्त अमेरिकेचा प्रश्न आहे, त्यांनी पुण्याकडेही पाहावे. भारतातल्या या उद्योगात आज ५० लाखांहून अधिक माणसे आहेत. नव्या इंजिनीअरचा सुरुवातीचा पगार मोठ्या कंपन्यांत वर्षानुवर्षे साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळतो आहे, आणि जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. साताऱ्याच्या त्या मुलाला आता एखाद्या यंत्राला केटी द्यावी लागत असेल की काय, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. येथल्या कामगाराला संरक्षण मागणे म्हणजे तिकडच्याचा घास काढणे, असे समीकरण मांडणाऱ्यांचा त्या दोघांपैकी कोणाशीच संबंध नसतो.

म्हणून मंडळांकडे माझे मागणे असे आहे. दर दोन वर्षांनी भरणाऱ्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात उद्योजकांसाठी परिषद होते, डॉक्टरांसाठी कार्यक्रम होतात; तेथेच एक सत्र नोकरी गमावलेल्यांसाठी ठेवावे आणि ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स, सेवाक्षेत्राला धरून, पुन्हा सुरू करावी असा ठराव करून तो आपापल्या काँग्रेस-प्रतिनिधींकडे पाठवावा. आपल्या मंडळांच्या दिवाळीला लोकप्रतिनिधी आनंदाने येतात, समई लावतात, फोटो काढतात. त्या वेळी ठरावाची प्रत त्यांच्या हातात देणे अवघड नाही. ज्या राज्यांत न्यू जर्सीसारखा कायदा नाही, तेथल्या मंडळांनी तो मागावा. आणि १९९८ च्या कायद्यातल्या एका आकड्याकडे लक्ष वेधावे. एच-१बी वर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असलेल्या कंपन्यांनी येथल्या कामगाराला हटवून माणूस आणू नये, असे त्यात बंधन आहे. पण आणलेल्या माणसाला वर्षाला ६० हजार डॉलर दिले की ते बंधन सुटते. हा आकडा तेव्हापासून एकदाही वाढलेला नाही. तो वाढला तर येथला कामगारही वाचेल आणि आपल्या नव्याने येणाऱ्या मुलांचे पगारही वाढतील.

काही शब्द आपल्यातल्या त्या सभासदांसाठी, जे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतात. कपातीचा तक्ता करणारे, कंत्राटाची किंमत ठरवणारे, ट्रॅन्झिशनचे, म्हणजे काम तिकडे सोपवण्याचे, वेळापत्रक आखणारे कितीतरी जण मराठी आहेत, माझे मित्र आहेत आणि मला ठाऊक आहे की हा निर्णय त्यांच्याही हातात पूर्णपणे नसतो. पण काही गोष्टी असतात. माणसे टप्प्याटप्प्याने पन्नासाच्या आत काढायची सूचना आली तर तिला विरोध करता येतो. केटीच्या काळाचा जादा मोबदला सेव्हरन्सहून वेगळा ठेवता येतो. तोंड बंद ठेवण्याच्या अटीचा कागद पुढे करणार नाही, असे म्हणता येते. आणि ज्याला नारळ द्यायचा आहे त्याला विमा किती दिवस राहील, भत्त्याचा अर्ज कोठे करायचा, हे समोर बसून सांगता येते. आम्हा ४१ जणांना ते एका जाड पाकिटातून कळले होते.

माझ्या पुरते मी एक ठरवले आहे. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी, मराठी शाळा भरते त्याच इमारतीत, कार्यकारिणीने एक खोली दिली तर मी नोकरी गेलेल्या कोणालाही, मग तो मराठी असो वा नसो, अर्ज भरायला मदत करीन. बेकारी भत्त्याचा, कोब्राचा, सरकारी 'मार्केटप्लेस'वरून घ्यायच्या आरोग्यविम्याचा, व्हिसाच्या मुदतीचा, ज्याचा असेल त्याचा. माझी ती जुनी सहकारी आता निवृत्त आहे आणि तिनेही यायचे कबूल केले आहे. खोलीविषयी कार्यकारिणीने पुढच्या बैठकीत निर्णय घ्यावा आणि ठरावाचा विषय त्याच बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
मंडळाची एक जुनी सभासद,
एडिसन, न्यू जर्सी